आधी तुझी फाइल, मग पुस्तक

पोरी, गाइड सरांनी ‘अ‍ॅनालिसिस आरमध्ये करून आण’ म्हटल्यापासून तू आर या संगणकभाषेच्या पुस्तकांच्या आणि व्हिडिओंच्या याद्या गोळा करते आहेस. त्यातली एक मला पाठवून ‘आत्या, यातलं कुठलं घेऊ?’ असं विचारलंस. यादीतलं बहुतेक सगळं चांगलंच आहे. पण ती कुणालाही चालेल अशी यादी आहे, आणि तुझ्याकडे मात्र रब्बी ज्वारीचे ८ वाण, ३ रेप्लिकेशन्स आणि २४ प्लॉटचं उत्पादन आहे. निवडीला सुरुवात त्या २४ आकड्यांपासून कर. जे पुस्तक किंवा जो व्हिडिओ तुला थोड्याच दिवसांत तुझ्या स्वतःच्या फाइलपर्यंत आणून सोडेल, ते तुझं. बाकीची कितीही नावाजलेली असली तरी सध्या बाजूला राहू देत.

आर उघडण्याआधी एक कोरा कागद घे आणि त्यावर अनोव्हाचं टेबल आख. तुझा प्रयोग आरबीडी, म्हणजे रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन आहे. २४ प्लॉट म्हणजे एकूण डिग्रीज ऑफ फ्रीडम २३. त्यातल्या २ रेप्लिकेशनच्या, ७ वाणांच्या आणि उरलेल्या १४ एररच्या. आकडेमोड अजून झालेली नाही, पण उत्तर कसं दिसायला हवं हे तुला ठाऊक झालं. हा कागद शेजारी असल्याशिवाय कुठलीही कमांड चालवू नकोस. मी शिकवत होते तेव्हा शेतीकडची मुलं थिसिस जमा करायच्या महिन्यात धावत यायची. त्यांच्या प्रिंटआउटवर मी सगळ्यात आधी डिग्रीज ऑफ फ्रीडमचा रकाना बघायची. चूक असली तर बहुतेक वेळा तिथेच सापडायची.

ती चूक कोणती, तेही सांगते, कारण पुस्तक पारखायला तीच उपयोगी पडणार आहे. एक्सेलमध्ये आपण वाणांना १ ते ८ असे नंबर देतो आणि रेप्लिकेशनला १, २, ३. आर ती फाइल वाचतं आणि तो रकाना आकड्यांचा आहे असं समजतं. आठव्या नंबरचा वाण पहिल्याच्या आठपट, अशा हिशेबाने ते त्यातून सरळ रेषा काढतं. टेबल छापून येतं, त्यात एफ व्हॅल्यू असते, पी व्हॅल्यू असते, शेजारी तारेही असतात. एरर मेसेज मात्र कुठेच येत नाही. फक्त डिग्रीज ऑफ फ्रीडम २, ७, १४ असण्याऐवजी १, १, २१ असतात. कागद शेजारी नसेल तर हे लक्षातही येत नाही, आणि थिसिसमध्ये भलतंच उत्तर बांधलं जातं. उपाय एका ओळीचा आहे. त्या दोन रकान्यांना ‘फॅक्टर’ करायचं, म्हणजे हे आकडे नसून नावं आहेत असं आरला सांगायचं.

आता ग्रंथालयात जाशील तेव्हा हे कर. पुस्तक हातात घेतलंस की अनोव्हाचं प्रकरण उघड आणि तिथून मागे पानं उलटत ये. ‘एस-टी-आर’ ही तीन अक्षरांची कमांड वापरून आलेल्या डेटाची बांधणी तपासायला लेखकाने कुठे शिकवलंय का? फॅक्टर म्हणजे काय हे अनोव्हाच्या आधी सांगितलंय का? सांगितलं असेल तर त्या माणसाने खरोखरच्या विद्यार्थ्यांना शिकवलेलं आहे असं धरून चाल. फाइल वाचली आणि पुढच्याच ओळीत टेबल काढलं, असं असेल तर ते पुस्तक शेल्फवर परत ठेव.

या कसोटीला उतरणारं पहिलं साधन तुझ्या लॅपटॉपवर आधीच आहे. आर इन्स्टॉल केलंस तेव्हा त्याच्याबरोबर ‘अ‍ॅन इंट्रोडक्शन टू आर’ नावाचं मॅन्युअल आलेलं असतं. ‘हेल्प डॉट स्टार्ट’ ही कमांड दिलीस की ते उघडतं, त्याला इंटरनेटही लागत नाही. पण ते पहिल्या पानापासून वाचू नकोस. ते दाट आहे, आणि ज्याला प्रोग्रॅमिंग थोडंफार येतं अशा माणसासाठी लिहिलेलं आहे. सरळ शेवटाकडे जा. पहिल्या परिशिष्टात एक नमुना सत्र आहे. डावीकडे टाइप करायच्या ओळी, सोबत एका-दोन वाक्यांत खुलासा. ते सगळं हाताने टाइप कर, कॉपी-पेस्ट नको. त्याच्या मध्यावर अल्बर्ट मायकेलसनचा डेटा येतो. या माणसाने १८७९ मध्ये प्रकाशाचा वेग मोजला होता. ५ प्रयोग, प्रत्येकात २० मोजण्या. मॅन्युअल त्या डेटाचं विश्लेषण कसं करतं माहीत आहे? आरबीडी म्हणून! आधी प्रयोगाचा आणि मोजणीचा रकाना फॅक्टर करून घेतं आणि मग अनोव्हा चालवतं. म्हणजे तुला जे करायचं आहे तेच, फक्त ज्वारीच्या जागी प्रकाश. ते जमलं की त्याच ओळींमध्ये तुझ्या फाइलचं आणि रकान्यांचं नाव घाल. एवढ्यावर तुझं पहिलं टेबल निघेल.

पण ते बरोबर आहे हे कशावरून? इथे मी तुला एका जुन्या पुस्तकाकडे पाठवणार आहे, ज्यात आरचं नावही नाही. पानसे आणि सुखात्मे यांचं ‘स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर अ‍ॅग्रिकल्चरल वर्कर्स’. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने ते १९५४ मध्ये पहिल्यांदा काढलं. कृषी विद्यापीठाच्या ग्रंथालयात ते शोधावं लागणार नाही, पानं पिवळी पडलेल्या प्रती तुझ्या कॉलेजातही असतील. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. जगभर नाव झालेला हा संख्याशास्त्रज्ञ, पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत वर्षानुवर्षं होता. या पुस्तकात खऱ्या शेतांवरच्या प्रयोगांची आकडेमोड पायरीपायरीने करून दाखवलेली आहे. तसंच दुसरं गोमेझ आणि गोमेझ यांचं, फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतून आलेलं. त्याची दुसरी आवृत्ती १९८४ ची. तुझे सर त्यातल्या पानांचे नंबर पाठ सांगतील.

यातलं आरबीडीचं एक सोडवलेलं उदाहरण घे. त्याचे आकडे एक्सेलमध्ये भर, आरमध्ये वाच आणि टेबल काढ. पुस्तकातल्या बेरजा आणि तुझ्या पडद्यावरच्या बेरजा जुळल्या की आर तुला आलं असं समज, निदान या कामापुरतं तरी. नाही जुळल्या तर चूक कुठल्या ओळीत आहे हे शोधता येतं, कारण बरोबर उत्तर शेजारी छापलेलं आहे. नवी भाषा शिकताना सगळ्यात जास्त वेळ ‘मी केलं ते बरोबर की चूक’ या घोळात जातो. ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा डेटा हाताशी असला की तो घोळ राहतच नाही. मला विचारशील तर आर शिकवणाऱ्या निम्म्या कोर्सांपेक्षा हा एक व्यायाम जास्त शिकवतो. दुसरा पडताळा म्हणजे हिसारच्या कृषी विद्यापीठाचं ओपीस्टॅट हे सॉफ्टवेअर. तुझ्या सीनियर्सनी तेच वापरलं असेल. तोच डेटा तिथेही घालून बघ.

इथे एक खाच आहे, ती आधीच सांगून ठेवते. सगळे २४ प्लॉट शाबूत असतील तर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उत्तर तेच येतं. पण एखादा प्लॉट रानडुकरांनी खाल्ला आणि तो आकडा गेला, तर आरचं टेबल आणि सीनियरने सॅसमधून काढलेलं टेबल जुळेलच असं नाही. आर बेरजा क्रमाने काढतं. सूत्रात जे आधी लिहिलं त्याचा वाटा आधी बाजूला निघतो. सॅसमध्ये बहुतेक लोक टाइप थ्री नावाच्या बेरजा वाचतात. तेव्हा सूत्र लिहिताना रेप्लिकेशन आधी आणि वाण नंतर लिही, आणि जुळलं नाही म्हणून घाबरून डेटात हात घालू नकोस. ज्या पुस्तकात या क्रमाचा उल्लेख आहे ते पुस्तक जपून ठेव.

आता पुस्तकाच्या वयाबद्दल. आर काही काल आलेली भाषा नाही. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये एस नावाची भाषा सुरू केली. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी १९९० च्या दशकात तिच्याच वळणावर आर लिहिली, आणि तिची १.० आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० ला आली. म्हणून ग्रंथालयात ‘एस’ असं नाव असलेलं जाड पुस्तक दिसलं तर ते आपलं नाही असं समजू नकोस, त्यातलं पुष्कळ आजही चालतं. मात्र तीन ठिकाणी पुस्तकाचं साल बघायलाच हवं. एक म्हणजे, २०२० साली ४.० आवृत्ती आली तोपर्यंत आर फाइल वाचताना अक्षरांचे रकाने आपोआप फॅक्टर करायचं, त्यानंतर करत नाही. जुन्या पुस्तकातला लेखक ‘आता वाणांच्या पातळ्या बघू’ म्हणतो आणि तुझ्या पडद्यावर ‘नल’ येतं. यात तुझं काही चुकलेलं नसतं. दुसरं म्हणजे पाइपचं चिन्ह. एका कामाचं उत्तर पुढच्या कामाच्या हातात देणारं हे चिन्ह आधी वेगळ्या पॅकेजमधून यायचं, त्यात दोन टक्क्यांच्या खुणांमध्ये एक कोन असायचा. २०२१ पासून आरचं स्वतःचं पाइप आहे, उभी रेघ आणि कोन. दोन्ही चालतात, पण एकाच आठवड्यात दोन पुस्तकांतून दोन चिन्हं शिकलीस तर गोंधळशील.

तिसरं आपल्याला जवळचं आहे. प्रयोगाखेरीज तुझ्याकडे सर्वेक्षणाचीही एक फाइल आहे, आणि तिच्यात गावांची आणि शेतकऱ्यांची नावं मराठीत आहेत. विंडोजवर पूर्वी आर देवनागरीच्या जागी चौकोन आणि कोड दाखवायचं, आणि जुन्या पुस्तकांत त्यावरचे लांबलचक उपाय दिलेले असतात. २०२२ च्या ४.२ आवृत्तीपासून, विंडोज नवं असेल तर, देवनागरी सरळ वाचली जाते. तेव्हा ते उपाय करत बसण्यापेक्षा आर नवं करून घे. रकान्यांची शीर्षकं मात्र इंग्रजी लिपीत, छोटी आणि जागा न सोडता लिही. टाइप करायला तुलाच सोपं जाईल.

तुझ्या यादीत सगळ्यात वर ‘आर फॉर डेटा सायन्स’ आहे. हॅडली विकहॅम आणि त्यांच्या सहलेखकांचं, पूर्ण पुस्तक नेटवर फुकट, दुसरी आवृत्ती २०२३ ची. पुस्तक उत्तम आहे आणि मनापासून लिहिलेलं आहे. पण ते संख्याशास्त्र शिकवत नाही, आणि शिकवतं असं म्हणतही नाही. विस्कटलेला डेटा नीट कसा लावायचा, त्यातून आलेख कसे काढायचे, हे ते शिकवतं. दुसऱ्या आवृत्तीत तर मॉडेलचा भाग काढूनच टाकला आहे. तुझ्या प्रयोगाची २४ ओळींची फाइल नीटनेटकी आहे, तिला याची गरज नाही. सर्वेक्षणाची फाइल मात्र वेगळी. कुणी क्षेत्र एकरात सांगितलं, कुणी गुंठ्यात, कुठे रकाना रिकामा, एकाच तालुक्याचं नाव तीन प्रकारे लिहिलेलं. त्या फाइलवर बसशील तेव्हा हे पुस्तक उघड आणि तेव्हा मन लावून वाच.

त्याच्या उलट पीटर डालगार्ड यांचं ‘इंट्रोडक्टरी स्टॅटिस्टिक्स विथ आर’. डालगार्ड आर सांभाळणाऱ्या मुख्य गटातले, डेन्मार्कमधले जीवसंख्याशास्त्रज्ञ. पुस्तक बारीक आहे, दुसरी आवृत्ती २००८ ची. टी टेस्टपासून रिग्रेशनपर्यंत प्रत्येक पद्धत, तिची कमांड आणि आलेलं उत्तर कसं वाचायचं हे ओळीओळीने सांगितलं आहे. आलेख जुन्या वळणाचे आहेत, ते सोडून दे. उत्तर वाचायला शिकवणारं इतकं सरळ पुस्तक मला दुसरं माहीत नाही. आणि सुधा पुरोहित, शरद गोरे आणि शैलजा देशमुख या पुण्याच्या प्राध्यापकांचं ‘स्टॅटिस्टिक्स युजिंग आर’ बघ. आपल्याकडच्या विद्यार्थ्याने संख्याशास्त्र ज्या क्रमाने शिकलेलं असतं त्या क्रमाशी ते जुळतं. तुला परदेशी पुस्तकांची धास्ती वाटते असं तू म्हणालीस, तर इथून सुरू कर. डालगार्ड आणि हे पुस्तक यातलं एकच निवड. दोन्ही आणू नकोस. एकाच गोष्टीची दोन पुस्तकं टेबलावर असली की पहिल्यात अडलं म्हणून दुसरं उघडलं जातं, दुसऱ्यात अडलं की पुन्हा पहिलं, आणि अडलेली जागा तशीच राहते.

व्हिडिओ हवेच असतील तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलची आरची मालिका घे. छोटे भाग असतात आणि पडदा अर्धा-अर्धा करून, एका बाजूला बघत दुसऱ्या बाजूला करत जायचं अशीच त्यांची रचना आहे. सविस्तर हवं असेल तर एनपीटीईएलवर आयआयटी कानपूरच्या प्राध्यापक शलभ यांचा आरचा अभ्यासक्रम आहे. तेही फुकट. व्हिडिओला माझी एकच अट आहे. थांबवून, हाताने टाइप करून, आपल्या पडद्यावर तेच आलं की मगच पुढे. जेवताना मोबाइलवर बघितलेल्या व्हिडिओतून आर येत नाही. पैसे भरून सर्टिफिकेट देणारे कोर्स आहेत, त्यांच्या जाहिराती तुला रोज दिसत असतील. फुकटातलं एक साधन शेवटपर्यंत पूर्ण केल्याशिवाय त्यातल्या कशालाही तुझ्या बाबांचे पैसे लावू नकोस. वाचून टाइप करायला कंटाळा येत असेल तर स्वर्ल नावाचं पॅकेज आहे. ते आरच्या आतच प्रश्न विचारतं, तू उत्तर टाइप करतेस आणि चुकलं तर ते थांबवतं. पहिल्या दोन-तीन दिवसांची भीती घालवायला छान.

अनोव्हा झाल्यावर सर सीडी (क्रिटिकल डिफरन्स, म्हणजेच एलएसडी) आणि सीव्ही मागणार. त्यासाठी अ‍ॅग्रिकोली नावाचं पॅकेज आहे, पेरू देशातल्या फेलिपे दे मेंदिबुरू यांनी शेतीच्या प्रयोगांसाठीच केलेलं. एलएसडी टेस्टची कमांड त्यात मिळते. पण पहिल्यांदा दोन्ही आकडे कॅल्क्युलेटरवर काढ. एररच्या मीन स्क्वेअरचं वर्गमूळ, भागिले सरासरी, गुणिले १००, झाला सीव्ही. मग पॅकेजचा आकडा ताडून बघ. अनोळखी पॅकेज कुठलंही असो, त्याचं हेल्प पान खालून वर वाच. वरचा भाग औषधाच्या डब्यातल्या चिठ्ठीसारखा असतो, सगळं खरं पण पहिल्या वाचनात काही लागत नाही. सगळ्यात खाली उदाहरणं असतात, आणि ‘एक्झाम्पल’ ही कमांड दिली की ती तुझ्यासमोर चालतात. ती चालवून बघितलीस की वरचं आपोआप समजतं. काही पॅकेजांबरोबर ‘व्हिन्येट’ नावाचा छोटा लेख असतो, तो बहुतेक वेळा पुस्तकापेक्षा ताजा. आरच्या मुख्य भांडारात वीस हजारांहून जास्त पॅकेजं आहेत, तेव्हा नुसतं नाव ऐकून काही इन्स्टॉल करू नकोस. तिथेच विषयवार मार्गदर्शक याद्या आहेत, त्यांना टास्क व्ह्यू म्हणतात. त्या विषयात काम करणाऱ्या माणसांनी त्या केलेल्या असतात, आणि प्रयोगांच्या आराखड्यांची वेगळी यादी आहे.

चॅटजीपीटीला विचारू का, असं तू दबक्या आवाजात विचारलंस. विचार ना, त्यात लाजण्यासारखं काही नाही. अडलेल्या एरर मेसेजचा अर्थ ते चांगला सांगतं, मराठीतही सांगतं. फक्त संपूर्ण अ‍ॅनालिसिस त्याच्याकडून लिहून घेऊ नकोस. अस्तित्वात नसलेल्या फंक्शनचं नाव ते तितक्याच खात्रीने देतं. तेवढं तरी बरं, आर ते चालवतच नाही, म्हणून चूक लगेच कळते. धोका चालणाऱ्या कोडमध्ये आहे. तुझे वाण १ ते ८ अशा आकड्यांत आहेत हे त्याला तू सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि मग तेच १, १, २१ चं टेबल येतं. म्हणून डिग्रीज ऑफ फ्रीडमचा तो कागद शेजारी हवा.

माणसाला विचारशील तेव्हा ‘चालत नाही’ असं म्हणू नकोस, पडद्याचा फोटोही पाठवू नकोस. डेटाच्या पहिल्या सहा ओळी ‘डी-पुट’ कमांडने अक्षरांत काढता येतात. त्या, तू दिलेली कमांड आणि आलेला मेसेज, तिन्ही जसंच्या तसं पाठव. समोरच्याला ते आपल्या आरमध्ये चिकटवून बघता येतं. मलाही तसंच पाठव, मी रात्री उत्तर देईन.

आणि सगळं कन्सोलवर टाइप करून सोडून देऊ नकोस. पहिल्या दिवसापासून स्क्रिप्टच्या फाइलमध्ये लिही, प्रत्येक ओळीवर हॅशचं चिन्ह देऊन ती ओळ का लिहिली हे मराठीत नोंदव. सर सहा महिन्यांनी एक आकडा बदलायला सांगतील तेव्हा तीच फाइल पुन्हा चालवायची. थिसिस बांधायला देण्याआधी ‘सेशन इन्फो’ ही कमांड देऊन आरची आणि पॅकेजांची आवृत्ती त्याच फाइलच्या शेवटी चिकटव, आणि ‘सायटेशन’ या कमांडने येणारा आरचा संदर्भ ग्रंथसूचीत घाल. अ‍ॅग्रिकोली वापरलंस तर त्याचाही संदर्भ त्याच कमांडने वेगळा मिळतो.